अक्षरात अडकलेला कण

मी एक जुना लाकडी शिक्का आहे. नाणी पाडणारा नव्हे हं मित्रांनो, माझं काम त्याहून मऊ. चर्चमध्ये प्रसादासाठी जो पाव नेतात, त्याच्या कणकेवर मला दाबतात आणि देवाचं नाव उमटवतात. माझा जन्म ग्रीसमधल्या तिनोस बेटावरचा, तिथे व्हेनिसवाल्यांचं राज्य होतं तेव्हाचा. माझं वय मात्र विचारू नका, ते आता मलाही आठवत नाही.

माझी मालकीण कालीत्सा. तिचे वडील होड्या बांधायचे. लेकीच्या लग्नात द्यायला म्हणून त्यांनी ऑलिव्हचा एक जुना बुंधा निवडला आणि त्यातून मला कोरून काढलं. माझी अक्षरं उलटी कोरलेली बघून मी अगदी हिरमुसलो होतो. एवढा नावाजलेला कारागीर, आणि असा कसा चुकला? पहिल्या पावावर ती सुलटी उमटली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

तरी एक सल राहिलाच. आम्हा ग्रीकांचा प्रसादाचा पाव आंबवलेला असतो. कणीक फुगते, भट्टीत गेल्यावर आणखी फुगते, आणि माझी रेखीव अक्षरं पसरट होऊन जातात. लोक पावाचं कौतुक करायचे, माझं कुणी करायचं नाही. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटायचं.

आमच्या गावात चर्च एकच, छप्परही एकच, पण आत वेद्या दोन होत्या. एक आमची आणि दुसरी रोमच्या पोपला मानणाऱ्यांची. त्यांना आम्ही फ्रांक म्हणायचो. मधे एक कमान होती. विहीर एक, बाजार एक, घरात बोलायची भाषाही एक. पण देवापुढे उभे राहिले की आमचे लोक ग्रीकमध्ये बोलायचे आणि ते लॅटिनमध्ये. आमच्या धुपानं त्यांचे पाद्री मात्तेओ शिंकून शिंकून बेजार व्हायचे, आणि त्यांची घंटा वाजली की आमचे धर्मगुरू पापा-सिसिनिस कपाळाला आठ्या घालायचे. मी ऐकलं होतं, की फ्रांकांच्या प्रसादाच्या भाकरीत आंबवण घालतच नाहीत. ती पातळ असते आणि मुळीच फुगत नाही. माझ्या मनात सारखं यायचं, तसल्या कणकेवर माझी अक्षरं कशी दिसत असतील?

कालीत्सा लवकर विधवा झाली. एकुलता एक मुलगा, स्तामातिस. त्यानं कमानीपलीकडची मुलगी पसंत केली, अनेझा. कालीत्सानं आकांडतांडव केलं, दोन दिवस जेवली नाही, आणि शेवटी लग्न लावून दिलं. पण सून उंबरठा ओलांडून आत आली तेव्हाच तिनं भिंतीवरच्या फळीकडे बोट दाखवलं. फळीवर मी होतो आणि माझ्याशेजारी आंबवणाचं मडकं.

"सूनबाई, घर तुझं, चूल तुझी. पण या फळीला हात लावायचा नाही. ते मडकं माझ्या सासूनं मला दिलंय. फ्रांकांच्या पोरीचं तिथे काम नाही."

"बरं, आई," अनेझा म्हणाली. ती खरंच कधी हात लावायची नाही. फळीखालून जातानासुद्धा बिचारी अंग चोरून जायची.

त्या वर्षी शरदात स्तामातिस द्राक्षदारूची पिंपं घेऊन गलबतातून क्रीट बेटावर गेला. बाकीची गलबतं परत आली, त्याचं आलं नाही. कुणी म्हणायचं वादळात सापडलं, कुणी म्हणायचं चाच्यांनी धरलं. दोघी बायका रोज गच्चीवरून समुद्राकडे बघायच्या. एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला, आणि एकमेकींशी चकार शब्द नाही.

संत निकोलस म्हणजे खलाशांचा राखणदार. आमचाही आणि फ्रांकांचाही. त्याचा सण जवळ आला तेव्हा कालीत्सानं नवस बोलला, आपल्या हातचा पाव वाहीन, माझं पोर परत दे. आणि नेमकी सणाच्या सकाळी ती ओल्या संगमरवरी पायऱ्यांवरून घसरली. उजव्या मनगटाचा हा असा भोपळा झाला! नवसाचा पाव शेजारणीकडून करून घेतलेला चालत नाही. तो घरच्याच बाईनं करायचा असतो.

कालीत्सा कण्हत म्हणाली, "नशीबच फुटकं माझं. ये गं. कोपरापर्यंत हात धू. पीठ दोनदा चाळ. मळताना बडबड करायची नाही, प्रार्थना म्हणायची. मग तो शिक्का घे आणि दाब. जमेल ना?"

"जमेल, आई."

"बघू काय दिवे लावतेस ते."

आणि मनगटाला व्हिनेगरचं फडकं गुंडाळून ती आतल्या खोलीत आडवी झाली. आंबवणाचं तिनं नावही काढलं नाही. तिच्या मते ते सांगायचं असतंच कुठे? भट्टीत जाळ घाल, असं कुणी मुद्दाम सांगतं का?

अनेझा फळीपुढे उभी राहिली. सासूनं शिक्क्याला हात लावायची परवानगी दिली होती, मडक्याला नाही. बराच वेळ ती त्या मडक्याकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले. "लेकासाठी यांनी एवढंही कबूल केलं," ती पुटपुटली. "माझ्या माहेरच्या रीतीनं करू देताहेत!"

मडकं जागच्या जागी राहिलं. तिनं नुसतं पीठ, पाणी आणि मीठ घेऊन कणीक मळली. मला घट्ट दाबलं. अहाहा, मित्रांनो! भाकरी भट्टीतून बाहेर आली आणि मी बघतच राहिलो. एकेक अक्षर असं उठून दिसत होतं, की माझं मलाच कौतुक वाटलं. इतक्या वर्षांचं माझं कुतूहल त्या दिवशी फिटलं.

कालीत्सा बाहेर आली, तिनं बघितलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे काय केलंस? आंबवण कुठंय यात? मेलेली भाकरी आहे ही! माझ्या लेकाच्या जिवासाठी मेलेली भाकरी? त्याला मारायला निघालीस का, गं?"

पण त्या दिवशी अनेझा पहिल्यांदाच उलट बोलली. "तुम्हीच म्हणाला होतात, मडक्याला हात लावू नकोस! वर्षभर लावला नाही. आणि तो माझा नवरा आहे, आई. माझा नाही का?"

कालीत्सानं भाकरी उचलली आणि परत खाली ठेवली. भाकरीवर देवाचं नाव होतं, ती फेकून देता येत नव्हती. नवी करायची तर एकटीच्या हातानं होणार नव्हती. शेवटी ती म्हणाली, "काढ ते मडकं. सांभाळून."

दुसरी कणीक तीन हातांनी मळली. दोन सुनेचे आणि एक सासूचा डावा. मग कणीक स्तामातिसच्या लोकरी डगल्यात गुंडाळून दोघी भट्टीजवळ ती फुगायची वाट बघत बसल्या. बोलल्याशिवाय किती वेळ बसणार?

"तुमच्यात आंबवण का नाही घालत गं?" कालीत्सानं विचारलं.

"धर्मग्रंथात आहे ना, देवाची माणसं गुलामीतून पळाली, तेव्हा कणीक फुगायलाही वेळ नव्हता. म्हणून. आणि तुमच्यात का घालतात?"

"प्रभू मेला आणि पुन्हा उठला. पीठही उठायला नको?"

"मग दोन्हीही बरोबरच वाटतं, आई."

"बरोबर-बिरोबर मला विचारू नकोस. पीठ बघ, फुगलं का."

दुपारी दोघी दोन्ही घेऊन चर्चमध्ये गेल्या. गडबडीत मी अनेझाच्या खिशातच राहिलो होतो, म्हणून सांगू शकतो. फुगलेला पाव पापा-सिसिनिसनी घेतला. चपट्या भाकरीकडे बघून ते म्हणाले, "पोरी, ही आमच्यात चालत नाही." कमानीपलीकडून पाद्री मात्तेओनी मान वळवून बघितलं. "शिक्का ग्रीकांचा, मग आमच्यात तरी कशी चालेल?" मधल्या कमानीच्या खांबावर संत निकोलसचं चित्र होतं. ती जागा ना इकडची, ना तिकडची. कालीत्सानं भाकरी सुनेच्या हातातून घेतली आणि डाव्या हातानं त्या चित्राखाली ठेवली. तिला कुणी अडवलं नाही.

ईस्टरच्या आधी स्तामातिस परत आला! हाडांचा नुसता सापळा झाला होता, पण जिवंत होता. गलबत फुटून तो कुठल्याशा खडकाळ बेटावर अडकला होता. घरात आनंदी आनंद झाला, आणि लगेच भांडणही सुरू झालं.

"आंबवलेल्या पावानंच आला माझा लेक," कालीत्सा अख्ख्या गावाला सांगायची.

"आधी तर माझीच भाकरी झाली होती ना," अनेझा म्हणायची.

"अगं बायांनो, मी वाऱ्यानं आलो!" स्तामातिस ओरडायचा. त्याचं कोण ऐकतंय!

एके दिवशी अनेझा मला साफ करत होती. माझ्या एका अक्षराच्या खाचेत त्या पहिल्या, आंबवण नसलेल्या कणकेचा कण वाळून दगड झाला होता. ती सुईनं तो उकरायला लागली. कालीत्सानं इकडेतिकडे बघितलं, घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं सुनेचा हात धरला.

"राहू दे गं तो. कुणी सांगावं, त्याच्यामुळेच आला असेल माझा पोरगा."

मग तिनं आंबवणाचं मडकं फळीवरून काढलं आणि अनेझाच्या ओटीत ठेवलं.

पुढे कित्येक वर्षं आमच्या घरच्या पावावर ते एक अक्षर अर्धवट उमटायचं. गाव त्यावरून ओळखायचं, हा कालीत्साच्या घरचा पाव. मला त्याची कधी लाज वाटली नाही. आणि तुम्हाला माहीतच आहे, मी अक्षरांच्या बाबतीत किती चोखंदळ आहे.

पुढे पिढ्या गेल्या. भट्टी पडली, पाव दुकानातून यायला लागला, आणि मी एका पेटीत धूळ खात पडलो. आता मी गावातल्या लहानशा संग्रहालयात काचेआड आहे. खाली चिठ्ठी आहे, 'ग्रीक पंथाचा शिक्का'. खोटं नाही ते, पण पुरतं खरंही नाही. काल इथली नवी बाई हातात बारीक ब्रश घेऊन मला निरखत होती. मला चकचकीत करायचं तिच्या मनात आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर सांभाळा, त्यांच्यावरची धूळ पुसा. पण पुसायच्या आधी, तिथे कुणाचा हात लागला होता ते एकदा विचारा. आणि त्या बाई कुठे भेटल्या तर माझा एवढा निरोप सांगा. बाकी सगळं घासा, पण त्या कणाला हात लावू नका. तो आमच्या सुनेचा आहे.