आधीबाईंचा प्रश्न

तिचं खरं पद लांबलचक होतं: मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीसाठी काम करणारी प्रतिबंधक कार्यकर्ती. एवढं बोलून होईपर्यंत समोरचा माणूस निघून जायचा. म्हणून ती म्हणायची, "दुखणं झाल्यावर डॉक्टर येतात, मी त्याच्या आधी येते." तेव्हापासून वस्तीत तिचं नाव पडलं आधीबाई.

आरोग्य केंद्राच्या सभागृहात तिची व्याख्यानं ऐकायला खुर्च्यांशिवाय कोणी नसायचं. शेवटी तीच उठून माणसं जिथे बसतात तिथे गेली. कोपऱ्यावर एक लाँड्री होती. लोक आपापले कपडे मशीनमध्ये टाकून तिथेच थांबायचे. लाँड्रीवाल्या मावशींनी तिला खिडकीजवळचं टेबल दिलं आणि बजावलं, "बसा खुशाल. पण गिऱ्हाइकांना उपदेशाचे डोस पाजायचे नाहीत. साबणाच्या वासानेच अर्धे वैतागलेले असतात."

ती नुसती बसायची, गप्पांत गप्पा मिसळायची. कोणाची झोप उडालीय, कोणाचा नवरा पुन्हा बाटलीकडे वळलाय, कोणाची मुलगी शाळेचं नाव काढलं की पोट धरून बसते, हे सगळं तिथे आपोआप कानावर यायचं. मग ती हळूच योग्य माणसाशी गाठ घालून द्यायची.

तिथेच लिफ्टकाका यायचे. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेले. गेल्या थंडीत त्यांची बायको गेली होती. मावशी एकदा तिच्या कानाशी लागल्या, "या माणसाचे कपडे स्वच्छ असतात हो. धुतलेलेच परत धुवायला आणतो."

"मग तुम्ही काही म्हणत नाही?"

"काय म्हणू? घर खायला उठत असेल."

काका बोलायचे कमी. आधीबाईने विचारलं तर लिफ्टबद्दल चार शब्द, बाकी मशीनच्या काचेकडे बघत बसायचे.

आणि एका सकाळी ते चक्क शीळ घालत आले. मावशींना त्यांनी बायकोची शिवणकामाची पेटी दिली, आधीबाईला आपला दुरुस्तीचा जुना पाना. "ठेवा. मला आता काय करायचाय?"

"बघा, खुलला की नाही माणूस!" मावशी हरखल्या.

आधीबाई मात्र हातातला पाना निरखत राहिली. मिटलेला माणूस एकाएकी हलका होतो, जपलेल्या वस्तू वाटून टाकतो. प्रशिक्षणात हे धोक्याचं लक्षण म्हणून शिकवलं होतं. पण खरोखर सावरलेला माणूसही असाच दिसणार ना? विचारावं तर रंगाचा बेरंग, न विचारावं तर जिवाशी खेळ. काकांची शीळ चालूच होती.

ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "काका, सरळच विचारते. जीव संपवावा असं मनात येतं का तुमच्या?"

शीळ तुटली. काकांचा चेहरा आधी पांढराफटक पडला, मग लाल झाला.

"जनाची नाही तर मनाची तरी ठेवा, बाई! चांगला हसत आलो होतो." ते ताडकन उठले आणि कपडे मशीनमध्ये तसेच टाकून निघून गेले.

"झालं समाधान?" मावशी म्हणाल्या.

दुपारी दोघी वाळलेले कपडे घेऊन काकांच्या घरी गेल्या. दार त्यांच्या मुलीने उघडलं. ती बस चालवायची. अंगावर अजून गणवेश होता. तिच्या मागे बांधलेली खोकी रचून ठेवली होती.

"बाबा माझ्याकडे राहायला येतायत," ती म्हणाली. "नको असलेल्या वस्तू वाटून टाका, असं मीच सांगितलं होतं." मग तिला उलगडा झाला. "विचारणाऱ्या त्या तुम्हीच? आल्यापासून आतल्या खोलीत गप्प बसलेत ते. असलं काही कोणी डोक्यात भरवतं का?"

"विचारल्याने तो विचार येत नाही, ताई. असलाच तर बाहेर पडायला वाट मिळते." वाक्य खरं होतं, पण तिचा आवाज तिलाच पोकळ वाटला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं तिला.

त्या संध्याकाळी घरी आधीबाईने भाजीत दोनदा मीठ घातलं.

"लक्ष कुठाय तुझं?" आईने विचारलं.

"आज मी बरं केलं की वाईट, तेच कळत नाहीये गं."

"तुझ्या कामात ते कधी कळतं तरी का?" आई म्हणाली आणि ताट बाजूला सारलं.

आठवडा उलटला असेल. काका लाँड्रीकडे फिरकले नाहीत. मग त्यांची मुलगी आली, एकटीच. तिने पर्समधून एक कापडी पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत गोळ्यांची पाकिटं होती.

"आईच्या दुखण्यातल्या. आम्हाला वाटलं होतं, केव्हाच टाकून दिल्या. काल बाबांनी स्वतःहून माझ्या हातात दिल्या. म्हणाले, तुझ्याकडे ठेव. मी विचारलं, का? तर म्हणाले, मला नाही सांगता येत, त्या बाईंनी विचारल्यापासून त्या जवळ नकोशा झाल्यात." तिने पिशवी आधीबाईकडे सरकवली. "म्हणजे तुमचं बरोबर होतं की चूक?"

"खरं सांगू? मलाही माहीत नाही."

दोघी जवळच्या औषधांच्या दुकानात गेल्या आणि गोळ्या नष्ट करायला देऊन आल्या. आधीबाईने तिला काकांसाठी केंद्रातल्या डॉक्टरांची वेळ घेऊन दिली. वस्तू वाटल्या म्हणून आपण घाबरलो ते चुकीचं ठरलं. पण प्रश्न फुकट गेला असंही म्हणवेना. हा गुंता तिला काही केल्या सुटेना.

रस्त्यावर मुलगी थांबली. "मी विचारलं तर चालेल त्यांना?"

"विचारा. फक्त उत्तर ऐकायची घाई करू नका."

तिने तिथेच फोन लावला. "बाबा, जेवलात का?... नाही, त्यासाठी नाही केला फोन." तिने डोळे मिटले आणि विचारून टाकलं, अगदी सरळ.

तिने फोन कानाशी घट्ट धरला. मग ती म्हणाली, "हं." पुन्हा, "हं. ऐकतेय, बाबा." ती फुटपाथवरच बसली. आधीबाई शेजारी बसली. काय बोलणं चाललंय ते तिला कळत नव्हतं, मुलीच्या चेहऱ्यावरून ताडताही येत नव्हतं. पण फोन चालू होता, आणि कोणीही तो ठेवत नव्हतं.