एस्पेरामे, म्हणजे माझ्यासाठी थांब

मित्रांनो, मी एक जुने, पुठ्ठा सुटलेले पुस्तक आहे. रोजच्या बोलण्यातली इंग्रजी वाक्ये स्पॅनिशमध्ये कशी म्हणायची, ते मी शिकवते. राहते मात्र कोळीवाड्यात, मोरूच्या माळ्यावर.

स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत मोरूच्या खलाशी मामाने मला मुंबईहून आणले. स्पॅनिश मुलखात जाणाऱ्या आगबोटीला दोन्ही भाषांत बोलणारा एक माणूस हवा होता. मोरूचा सगळा जीव त्या नोकरीत अडकला. शाळेत इंग्रजी शिकलेला तो, दोस्त अंबाजीलाही शेजारी बसवून शिकवायचा. 'कम इन' म्हणजे 'पासे', 'सिट डाउन' म्हणजे 'सिएंतेसे'. 'वेट फॉर मी' म्हणजे 'एस्पेरामे', हे तर अंबाजी होडी ओढतानाही म्हणायचा.

आषाढात अंबाजी म्हसळ्याच्या बाजारी गेला. तिथे त्याला मामाचा निरोप मिळाला, मोरूला लगेच पाठव. घरी येऊन तो मोरूला म्हणाला, "मामानं नारळी पुनवेनंतर बोलावलंय."

"व्हय, त्याआधी कोन बोट सोडील?" मोरू म्हणाला. नारळ वाहिल्याशिवाय आपल्याकडे कुणी दर्यात होडी लोटत नाही. आगबोटही थांबत असेल, असेच त्या भोळ्याला वाटले. अंबाजीने मला पाठ करायला म्हणून मागून नेले, ते थेट मुंबईला.

पुनवेला नारळ वाहून, नवा सदरा घालून मोरू मुंबईत पोचला. मामा चकित झाला. "आता आलास? बोट कवाच गेली. अंबाजी म्हनला, तुला यायचं न्हाय, मग तुज्या जागी त्यालाच धाडला." मोरू तसाच परतला.

इकडे अंबाजी माझ्यातून पाठ केलेले 'पोर फाव्होर', म्हणजे 'कृपया', बंदरोबंदरी म्हणत फिरला. लोक त्याला फार सभ्य म्हणायचे. मला तोंड असते तर मी त्याची लक्तरे वेशीवर टांगली असती.

बऱ्याच वर्षांनी तो गावी आला. मोरू ओट्यावर जाळे विणत होता. मला त्याच्यापुढे टाकून अंबाजी हसला. "तुजं पुस्तक. ध्यानात हाय का काय?"

"एस्पेरामे," मोरू मान वर न करता म्हणाला.

"वा, हाय की!"

"अर्थ तुला बी ठाव व्हता," मोरू म्हणाला आणि मला उचलून आत गेला.

मित्रांनो, खाऱ्या वाऱ्याने माझी पाने पिवळी पडली, त्याचे मला काही नाही. मागून नेलेले पुस्तक जपा, वेळेवर परत करा, एवढे सांगते. आणि परक्यांशी गोड बोलायला शिकाल, तेव्हा आधी आपल्या माणसाशी खरे बोला. देशोदेशी 'कृपया' म्हणणाऱ्या अंबाजीने मोरूला 'मी चाललो' एवढे मराठीतही सांगितले नाही.