औषध आणायला गेलेली आई

"पळ, पळ, काउंटर बंद होईल," म्हणत मावशीनं घडी घातलेला कागद वॉर्डातल्या छोट्या वकीलबाईच्या आईच्या मुठीत कोंबला आणि खांद्याला धरून तिला वॉर्डाच्या दाराकडे वळवलं. "डॉक्टरांनी आत्ताच्या आत्ता मागवलंय."

"पण मावशी, आज तिला आत नेणार ना? मी येईपर्यंत..."

"अगं, अकराला नेणार. आत्ता वाजलेत नऊ. तू काय चंद्रावर चाललीयस?"

आई गेली. चपला फटफटवत धावतच गेली. तिच्या मुठीतल्या कागदावर दोन आडव्या रेघा आणि एक टिकमार्क, यापलीकडे काही नव्हतं. आणि ऑपरेशन अकराचं साडेनऊला आणलंय, हे सिस्टरनं मावशीला पाच मिनिटांपूर्वीच सांगितलं होतं.

ही युक्ती मावशीची स्वतःची. भाजलेल्या मुलांच्या वॉर्डात बावीस वर्षं आयाचं काम करून कमावलेली. जखमेचं बँडेज एक दिवसाआड वॉर्डालगतच्या ड्रेसिंगच्या खोलीत बदलायचं असतं. आई समोर असली की पोर तिच्या गळ्याला मिठी मारतं, आई रडते, पोर दुप्पट रडतं, डॉक्टर चिडतो आणि बाकीच्या अकरा खाटा सुरात सूर मिसळतात. मग आईलाच काढलं की काम झालं. खालच्या काउंटरवरच्या औषधवाल्याला दोन रेघांचा अर्थ ठाऊक होता: या बाईला पंधरा मिनिटं उभी करायची. तो कपाटं उघडायचा, डबे हलवायचा, कॉम्प्युटरमध्ये डोकं खुपसायचा आणि शेवटी म्हणायचा, "संपलंय, परवा या." वाचता येणाऱ्या आयांसाठी वेगळी सोय होती, "ऑफिसात तुमची सही राहिलीय." बापांसाठी काहीच लागत नसे. बाप आपणहून दाराबाहेर जाऊन उभे राहत.

मोठे डॉक्टर फेरीला आले की म्हणत, "मावशी, तुमच्या हातात जादू आहे. एवढा शांत वॉर्ड अख्ख्या दवाखान्यात नाही." मावशी पदर सावरून हसायची. घरी जाऊन सुनेला ते वाक्य दोनदा ऐकवायची. शांत म्हणजे बरं, असं या इमारतीत सगळेच धरून चालले होते. शांत तर मेलेलं माणूसही असतं, पण हे तोंडावर सांगणार कोण?

वकीलबाई आठ वर्षांची. उकळत्या पाण्याचं पातेलं कलंडून उजवा पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत भाजलेला. हे नाव मावशीनंच ठेवलं, कारण पोरगी प्रश्न विचारून जीव नकोसा करायची. "बँडेज आधी भिजवत का नाही? मी आकडे मोजले तर कितीपर्यंत दुखेल? मुंगी चावल्यासारखं म्हणता, तुम्हाला कधी चावली होती का इथे?"

"दुखत नाही गं," मावशी म्हणायची. आणि दुसऱ्या खेपेला पोरगी किंचाळली तेव्हा मावशीनं कानाशी तोंड नेऊन ठेवणीतलं वाक्य काढलं होतं, "तू रडलीस ना, की तुझ्या आईला चक्कर येते. आईला आजारी पाडायचंय का?"

त्यानंतर वकीलबाई रडली नाही. चादरीचं टोक दातात धरून छताकडे बघत पडायची. मावशी तिला इतर पोरांना दाखवायची, "बघा कशी शहाणी आहे!"

आता ट्रॉली ढकलत मावशी लिफ्टपाशी आली. लिफ्ट वर अडकलेली. वकीलबाई हिरव्या चादरीखाली, डोळे टक्क उघडे.

"मावशी, आई परत औषधाला गेली का?"

"हो गं. येईलच."

"त्या कागदावर काही लिहिलेलं नसतं."

मावशीचा हात ट्रॉलीच्या दांडीवर तसाच राहिला.

"आईला वाचता येत नाही," पोरगी म्हणाली. "मला येतं. एकदा तिनं माझ्या उशीवर ठेवला होता, तेव्हा मी उघडून बघितला. दोन रेघा."

"मग... मग आईला सांगितलं का नाहीस?"

"कशाला? ती इथे असली की मला रडू येतं. मग तिला चक्कर येईल. तुम्हीच सांगितलंत ना? म्हणून मी तिला जाऊ देते."

मावशीनं लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं. तिच्या कानशिलात आग पेटली होती. मुकादमाची शिवी तिनं खाल्ली होती, नवऱ्याचा मारही खाल्ला होता, पण असं कोणी तिला उघडं केलं नव्हतं. आणि हे पोर रागावलेलंही नव्हतं.

लिफ्ट आली. दार उघडल्यावर पोरगीनं मावशीचं मनगट धरलं.

"खरं सांगा हां. मी उठेन तेव्हा आई असेल?"

"असेल" हा शब्द बावीस वर्षांत मावशीनं किती वेळा उच्चारला असेल, मोजदाद नाही. आज तो तिनं वापरला नाही. "आणते तिला," एवढंच ती म्हणाली. लिफ्टमधून आलेल्या ऑपरेशन थिएटरच्या माणसांनी ट्रॉली आत ओढून घेतली.

मावशी जिन्यानं खाली आली. काउंटरवर आई नव्हती.

"कुठंय रे ती?"

"ती होय?" औषधवाला म्हणाला. "मावशी, सातव्यांदा आली हो ती. दर वेळी हात जोडते, म्हणते, दादा, आज तरी बघा ना. मलाच शरम वाटायला लागली. म्हटलं, इथे नाही मिळायचं, बाहेर बघा."

"बाहेर? अरे मूर्खा, बाहेर कोण देणार तिला?"

"मला काय दरडावता? रेघा तुमच्या!"

मावशी रस्त्यावर आली, गणवेशातच. पहिल्या दुकानातला माणूस म्हणाला, "आली होती. मी म्हटलं, बाई, कागद कोरा आहे. तर म्हणते, डॉक्टरांचं अक्षर असंच असतं, नीट बघा." दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. दुसऱ्या दुकानात तिला कोणी उभंच केलं नव्हतं. तिसऱ्यात एका म्हातारीनं सांगितलं, "ती रडकुंडीला आलेली बाई? पुलाकडे गेली, तिकडे मोठं दुकान आहे म्हणून." मावशीचे गुडघे कुरकुरत होते. पाऊण तास चालल्यावर ती दिसली. पुलाच्या अलीकडच्या दुकानासमोर, आधीच्या गिऱ्हाइकांच्या मागे, तो घामानं ओला झालेला कागद हाताच्या तळव्यावर नीट पसरून उभी. आपला नंबर आला की लगेच पुढे करता यावा म्हणून.

"मावशी! तुम्ही कशाला आलात? मिळेल हो इथे. हे म्हणाले थांबा."

मावशीच्या जिभेवर खोटं तयारच होतं. चिठ्ठी चुकली, दुसरीच द्यायची होती, चल. किती सोपं. कोणाला कळणार होतं?

"त्यावर काही लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "कधीच नव्हतं. तुला वॉर्डातून बाहेर काढायला मी देते ते. बँडेज बदलताना तू तिथे नको असायचीस म्हणून."

आईनं कागद उलटून पाहिला.

"म्हणजे औषध नव्हतंच?"

"नव्हतं."

मावशी थोबाडीत बसायची वाट बघत होती. बसली असती तर बरं झालं असतं. आईनं मोठा श्वास सोडला. तिचे खांदेच खाली आले.

"मग माझ्यामुळे नाही ना झालं हे? मला वाटलं, मी एवढं एक औषध मिळवू शकत नाही म्हणून जखम भरेना, आणि आता मांडीची कातडी काढून लावायची वेळ आली. घरी पण तसंच सांगितलं मी. सासूबाई म्हणाल्या, तुला काहीच कसं जमत नाही."

मावशीला तिथेच, त्या फुटपाथवर, गणवेश काढून फेकावासा वाटला.

"नेलं का तिला?" आईनं विचारलं.

"नेलं. साडेनऊलाच. तेही मला माहीत होतं."

आई धावत सुटली. मावशीला ते पाय गाठता आले नाहीत.

ती धापा टाकत वर पोचली तेव्हा रिकव्हरीच्या दारात सिस्टर उभी होती. "अर्धा तास झाला पोरगी शुद्धीवर येऊन. चूं नाही की चां नाही. नुसती दाराकडे बघत होती. खरंच, मावशी, काय वळण लावता हो तुम्ही पोरांना!"

आत आई खाटेवर ओणवी झाली होती. वकीलबाईचे ओठ कोरडे पडले होते.

"मिळालं का गं औषध?" तिनं आईला विचारलं. अजूनही ती आईला सांभाळतच होती.

"नव्हतंच ते बाळा. खोटं होतं. मावशीनं सांगितलं मला."

पोरगीनं आईच्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं. चक्कर येतेय का, ते. मग तिनं तोंड उघडलं आणि भोकाड पसरलं. तीन आठवड्यांचं रडं एकदम बाहेर पडलं. बाजूच्या खाटेवरचं बाळ दचकून रडायला लागलं.

"मावशी, बघताय काय? गप्प करा तिला!" सिस्टर ओरडली.

"रडू दे," मावशी म्हणाली. "दुखतंय तिला."

सिस्टरनं असं काही तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ती बाजूच्या बाळाकडे वळली.

पाच दिवसांनी नव्या कातडीचं पहिलं बँडेज उघडायचं होतं. आदल्या दिवशी मावशी स्वतः मोठ्या डॉक्टरांकडे गेली आणि आईला आत घ्या म्हणाली. "आणि आरडाओरडा झाला तर?" त्यांनी विचारलं. "झाला तर झाला," मावशी म्हणाली. ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

ट्रॉली ड्रेसिंगच्या खोलीत घेतली. आईला स्टूल दिलं. मावशीनं मिठाच्या पाण्याचं भांडं जवळ आणलं.

"आज भिजवून काढणार," ती वकीलबाईला म्हणाली. "तरीही दुखेल. मुंगीसारखं नाही, खूप. ओरडावंसं वाटलं तर ओरड."

पोरगीनं मान हलवली. मग आईचा हात दोन्ही हातांत घेतला आणि डॉक्टरांना अगदी अदबीनं म्हणाली, "मावशी बाहेर थांबल्या तर चालेल का?"

डॉक्टरांनी मावशीकडे पाहिलं. मावशीनं भांडं ठेवलं, हात पुसले आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

दाराच्या या बाजूला ती कामाच्या वेळी कधी उभी राहिली नव्हती. सगळं दार पिस्ता रंगाचं, पण छातीच्या उंचीवर दोन ठिकाणी रंग पार उडाला होता, आतलं लाकूड गुळगुळीत झालेलं. कशानं, हे तिला आधी कळेना. आत पहिली किंकाळी उठली, आणि तिचे दोन्ही तळवे आपोआप बरोबर त्याच जागी जाऊन टेकले.