वरलं अंग

पहिलंच सांगून ठेवतो, घर मी बांधलंय. नाव राजानंदचं असंल, घाम माहा हाय.

राजानंद माहा पुतण्या. मस्कतला क्रेन चालवतो, सहा वर्सांत दोनदाच आल्ता. मायसाठी गावात पक्कं घर बांधायचं त्यानं मनावर घेतलं तव्हा फोन मलाच केला. तीस वर्सं एसटीत कंडक्टर व्हतो मी, बिनतिकिटाचा माणूस सोडला न्हाई, मंग मिस्त्री काय सोडतो. रिटायर झाल्यावर अंबडची भाड्याची खोली सोडून गावात आल्तो अन् रिकामाच बसून व्हतो. मला तर सोन्याहून पिवळं झालं.

"काका, बाकी सगळं तुमच्या मनानं करा," तो म्हणला. "फकस्त मायची खोली वरल्या अंगाला घ्या. तिला खिडकीतून मंठ्याचा रस्ता दिसला पाह्यजे."

बराबर, म्हणलं. वहिनीचे गुडघे दुखतेत हे मला काय ठाऊक न्हाई? पण पोराची हौस मोठी, म्हणून मीच डोकं लावलं. स्लॅबवर मस्त खोली काढली, जिन्याच्या पायऱ्या मुद्दाम बुटक्या केल्या, दोन्हीकडून कठडा बसवला. रामकिसन मिस्त्री जाफराबादचा, म्हणला, "तातेराव, असा जिना म्या कुठंच बांधला न्हाई." मी फुगलो. खाली मंठ्याच्या रस्त्याकडं बैठक काढली अन् तिच्या त्याच बाजूच्या भिंतीला टीव्हीसाठी खिडकीच ठेवली न्हाई. ते माहं डिझाईन.

वहिनी, म्हणजे राजानंदची माय चांगुणाबाई, आत पाय ठेवायला तयार न्हाईत. "पोरगा आल्याबिगर उंबरा वलांडणार न्हाई," म्हणल्या. नुसत्या बाहेरून हिंडायच्या. एक दिवस बघतो तं बैठकीच्या त्याच भिंतीपाशी शेवगा लावून राह्यल्या.

"वहिनी, तुमची खोली वर हाय. हितं काय झाड लावता?"

"वरच तं लावून राह्यले की, भावजी."

म्हातारपणी माणूस कसंबी बोलतं, असं वाटलं मला. पुढल्या आठवड्यात विचारलं, "माही खिडकी कवा बसवता?" मी म्हणलं, "बसली की कवाच, वर." तं नुसती मान हालवली अन् शेवग्याला पाणी घालाय गेल्या.

फोनवर राजानंदला खोली आतूनच दाखवली. फरशी, कपाट, खिडकी, लांबवर जाणारा मंठ्याचा रस्ता. "एकदम बराबर, काका," म्हणला. त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाई, इतका मी खुशीत.

मंग आला तो दिवस. सकाळपासून माहे पाय जमिनीवर न्हाईत. भंतेजी वंदनेसाठी आल्ते, बायका नव्या साड्या नेसून दारात, राजानंदची बायको प्रिया दहा मिनटाला विचारी, "जीप कुठवर आली?" जीप आली. राजानंदनं आईला धरलं, आईनं त्याला धरलं, अन् दोघंबी रडत हासत उंबऱ्यावर. वहिनीनं उजवा पाय आत टाकला तं अख्ख्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मी पुढं होऊन जिन्याकडं हात केला, पण त्या जिन्याकडं बघंनातच. सरळ बैठकीत गेल्या अन् त्या बिनखिडकीच्या भिंतीपुढं उभ्या राह्यल्या.

"माही खिडकी, भावजी?"

राजानंदनं माह्याकडं बघितलं. "काका, मायची खोली कोणती?"

मी स्लॅबकडं बोट केलं.

त्यानं एकदा स्लॅबकडं बघितलं, एकदा मायच्या गुडघ्यांकडं. मंग हळूच म्हणला, "काका, रस्त्याकडलं ते वरलं अंग. ओढ्याकडलं ते खालचं. आपल्या गावात असंच म्हणतेत ना?"

माहं तोंड उतरलं. अंबडला आमच्या चाळीत वरचे म्हणजे माडीवरचे अन् खालचे म्हणजे खालचे. तीस वर्सं तेच ऐकलं. पोरगं समुद्रापार राहून गावाचं बोलणं इसरलं न्हाई, अन् मी दोन तासांवर राहून इसरलो. लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

वहिनी भिंतीपासून वळल्या. जिन्यापाशी गेल्या, कठडा धरला. "चढते की मी. भावजीनं माह्यासाठी किती बुटक्या पायऱ्या केल्यात." चौथ्या पायरीवर गुडघा धरून बसल्या अन् मलाच हासून म्हणल्या, "लई सोपा हाय जिना."

ते हासणं मला बघवलं न्हाई. भंतेजींपुढं हात जोडले, म्हणलं, वंदनेला तासभर दम धरा. रामकिसन पाव्हणा म्हणून पांढऱ्या कपड्यांत जेवायला आल्ता, त्याला तसाच घण आणायला पळवलं. टीव्ही गेला चुलीत. बैठक आजपासून वहिनीची, अन् वर मी राहीन, माहे गुडघे अजून शाबूत हायेत.

बायका चटचट बैठकीतलं सामान बाहेर काढू लागल्या. राजानंदनं नव्या शर्टाच्या बाह्या वर केल्या अन् डोळे पुसत हासायला लागला. मी घण उचलला अन् थांबलो.

"वहिनी, खिडकी कुठं पाह्यजे?"

"वरल्या अंगाला," त्या म्हणल्या.

मी घण खाली ठेवला. भिंतीवर बोट टेकवून म्हणलं, "हितं?"

"जरा शेवग्याकडं."

बोट सरकवलं. "हितं?"

"हां, बराबर."

मंगच पहिला घाव घातला.