नुसते ओठ हलव

दर शनिवारी सकाळी माझ्या हॉलमधल्या गालिच्यावर जे चालतं, त्याला संजीव टाइमपास म्हणतो. माझ्या तोंडावर नाही म्हणत. तोंडावर म्हणतो, "मधुराताई, तुमचं ते प्ले-वे फार क्यूट आहे हं!" हे 'क्यूट' ऐकलं की माझं पित्त खवळतं.

आम्ही करतो काय, तर मटार सोलतो. चार ते सहा वर्षांची पोरं स्टीलच्या पातेल्यात दाणे टाकतात आणि पातेलं भरत गेलं की टणटणणारा आवाज कसा बसत जातो ते कान देऊन ऐकतात. लाटण्याने पोळपाटावर ठेका धरतात. जिन्याची एकेक पायरी चढताना आवाज वर नेतात, उतरताना खाली आणतात, आणि शेवटच्या पायरीवरून धप्पकन उडी मारून सगळे एकदम 'सा' म्हणतात. आणि एसी ऐकतात. इथे आखातात घराघरात एसी गुणगुणत असतो, मोठ्यांना तो ऐकूही येत नाही. मी मुलांना सांगते, डोळे मिटा आणि एसी कुठला सूर धरून बसलाय तो शोधा. सापडला की तोच आमचा तानपुरा.

अनयला तो सगळ्यांत आधी सापडला. पाच वर्षांचं पोर, आमच्याच अल दुहैलच्या कंपाउंडमध्ये राहणारं. मराठी सगळं कळतं, पण बोलणं म्हणाल तर 'नो मावशी', 'ओके मावशी', बस्स. गायला लागला की मात्र मराठीत, आणि असा खणखणीत की शेजारच्या व्हिलातली तसनीम खिडकी उघडून ऐकत राहायची. पोरांनी मिळून एक गाणं रचलं होतं, 'मटार मटार हिरवा गार, डब्यात थोडा पोटात फार'. ते अनय दिवसभर म्हणायचा. आंघोळीत, गाडीत, शाळेच्या गेटपर्यंत. त्याची आई कोमल मला म्हणाली होती, "ताई, ह्याच्या तोंडून मराठी ऐकायचं तर गाण्यातच ऐकायला मिळतं हो." तेवढं एक ऐकून माझ्या सगळ्या खटाटोपाचं चीज झालं होतं.

मग इथल्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम आला.

संजीव मंडळाचा सांस्कृतिक सेक्रेटरी. पुण्याचा, संगीताच्या परीक्षा दिलेला, आणि दिल्या आहेत हे तो आपल्याला विसरू देत नाही. त्याने छोट्यांसाठी समूहगीत ठरवलं, शब्द घरी पाठ करायला दिले आणि त्याचा ट्रॅक आणला. उम्म सलाल मोहम्मद भागातल्या त्याच्या व्हिलात पहिली तालीम झाली. ट्रॅक सुरू झाला आणि मी कपाळाला हात लावला. चांगल्या बाप्या माणसाच्या गळ्याला सोसेल अशी त्याची पट्टी! एवढ्या लहान पोरांचे गळे तिथपर्यंत खाली उतरतच नाहीत. बाकीची पोरं घाबरून पुटपुटायला लागली. अनय नाही पुटपुटला. त्याने क्षणभर डोळे मिटले, हॉलमधल्या एसीचा सूर धरला आणि आपल्याला झेपेल अशा पट्टीत अख्खं गाणं मोकळ्या गळ्याने म्हणून टाकलं. ट्रॅक एकीकडे, अनय एकीकडे.

संजीवने ट्रॅक थांबवला. "हा कोण बेसूर?"

"बेसूर नाही तो," मी म्हटलं. "तुझ्या ट्रॅकची पट्टी चुकलीये. तो एसीच्या सुरात गातोय, आणि अगदी बरोबर गातोय."

"एसीच्या सुरात!" संजीव पोरांच्या आयांकडे बघून हसला. आयाही हसल्या. कोमलसुद्धा हसली, थोडीशी.

"अरे, लॅपटॉपवर पट्टी वर घ्यायला कितीसा वेळ लागतो? बाकीची पोरंही गातील मग. बघ तरी."

"ट्रॅक फायनल आहे, ताई. साउंडवाल्याला पाठवलाय, डान्सवाल्यांचं सगळं त्यावर सेट झालंय. खलास." मग तो अनयसमोर गुडघ्यावर बसला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "बेटा, तू नुसते ओठ हलव हं. आवाज नाही काढायचा. हीरो लोक पिक्चरमध्ये तसंच करतात. करशील?"

अनयने आनंदाने मान डोलावली. हीरो म्हटल्यावर कुठलं पोर नाही म्हणेल?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी संजीवला बाहेर नेऊन सांगितलं, की ज्या पोराला स्वतःहून सूर सापडतो त्याचं तोंड तू बंद करतोयस. कार्यक्रम कुणाचा आहे, पोरांचा की तुझा? तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुमचं मटार वगैरे ठीक आहे. स्टेज वेगळं असतं." वर इन्शाल्ला पुढच्या वर्षी बघू, असंही म्हणाला. मी म्हटलं, मग अनय नाही येणार. तर कोमलच माझा हात धरून अजिजीने म्हणाली, "जाऊ दे ना ताई. कुर्ता शिवून आणलाय, नाशिकला सगळ्यांना सांगून झालंय. त्याला काढलं तर किती रडेल तो! ओठच हलवायचेत, त्यात काय एवढं?" आई म्हणते त्यापुढे मी कोण बोलणार? पण त्यात काय एवढं, हे माझ्या डोक्यातून गेलं नाही.

आम्हा मराठी माणसांना गाण्याचं फार वेड, असं आम्ही जगभर सांगत फिरतो. अहो, कसलं वेड? आम्हाला वेड आहे ते निर्दोष कार्यक्रमाचं. पोर गाताना चुकलेलं आम्हाला चालत नाही, पोर गायलंच नाही तर चालतं.

कार्यक्रम छान झाला. छान म्हणजे मुलं सरळ रांगेत उभी राहिली, फेटे सुटले नाहीत, आणि स्पीकरमधून कुणा तिसऱ्याच मुलांचं गाणं व्यवस्थित वाजलं. हो, आयत्या वेळी संजीवने आधीच रेकॉर्ड झालेला कोरसच लावला. सगळ्यांत सुंदर ओठ हलवले ते अनयने. शब्द न शब्द स्पष्ट, चेहऱ्यावर भाव, शेवटी नमस्कार. खाली मोबाइल धरून उभे असलेले आईबाप म्हणत होते, "तो पुढचा किती छान गातो!" मला कुणाच्या तरी हातातला मोबाइल हिसकून घ्यावासा वाटला.

पोर धावत माझ्याकडे आलं. "मावशी, डिड यू सी? नो साउंड केम! नॉट ईव्हन अ लिटल!"

मी त्याला जवळ घेतलं. पाच वर्षांच्या पोरावर काय रागावणार? राग ज्यांच्यावर होता ते सगळे जेवणाच्या रांगेत उभे होते.

पुढच्या शनिवारी मटार आले, पातेलं आलं, पोरांनी गाणं सुरू केलं. अनयही म्हणत होता, मान डोलवत, पण आवाज नव्हता. मी म्हटलं, "मोठ्याने म्हण रे राजा." तो हसून म्हणाला, "मावशी, आय ॲम व्हेरी गुड ॲट धिस." जिन्यावर नेलं, पायऱ्या चढवल्या, खाली उडी मारायला लावली. धप्प आवाज झाला, 'सा' आला नाही. एसी ऐकायला सांगितलं, त्याने डोळे मिटले, सूर सापडल्यावर हसलासुद्धा, आणि त्या सुरावर नुसता आ केला.

कोमल त्याला न्यायला आली तेव्हा तिचा फोन वाजत होता. व्हिडिओ कॉलवर तिचे सासरे, गोविंदराव, नाशिकहून.

"अन्या, ए अन्या! कार्यक्रमाचा व्हिडिओ पाहिला रे. पण त्या गर्दीत तुझा आवाज काही ओळखू येईना. आजोबांना एकट्याला म्हणून दाखव बरं!"

अनय फोनसमोर ताठ उभा राहिला. हात मागे बांधले आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. ओठ, भुवया, मान, सगळं जागच्या जागी. गोविंदराव स्क्रीनजवळ आले, कान पुढे केला, मग मागे सरकले.

"कोमल, अगं तुझा माईक बंद आहे का बघ. पोराचे ओठ हलताना दिसतायत, पण ऐकू काहीच येत नाही."

कोमल घाईघाईने बटणं दाबायला लागली. आवाज वाढवला, कॉल स्पीकरवर टाकला. अनय थांबला नव्हता, दुसऱ्या कडव्यावर आला होता. तिकडून गोविंदराव "हॅलो, हॅलो" करत होते. कोमलने अनयकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा अंगठा स्क्रीनवर तसाच राहिला.

मी तिच्या हातातून फोन घेतला.

"माईक चालू आहे, काका," मी म्हटलं. "तो असाच गातो आता. आम्ही शिकवलंय त्याला."