दारावरचा उलटा झाडू

प्रमिलाचं नाक मोठं तिखट. डाळ तळाला लागायच्या आधी तिला बैठकीत बसून कळायचं, मग नवऱ्याच्या शर्टाचा वास कळणार नाही होय? त्या शनिवारी संध्याकाळी प्रेमानंद घरी आला, चपला काढल्या आणि तडक बाथरूममध्ये जाऊन शर्टाची उजवी बाही साबणाने घासायला लागला. अख्खा शर्ट नाही, फक्त उजवी बाही. प्रमिला दाराशी जाऊन उभी राहिली. वास बिअरचा होता.

"काय सांडलं?" तिने विचारलं.

"चहा."

चहा म्हणे. प्रमिलाने जेवायला वाढलं, भाकरी जरा जोरात आपटली, एवढंच. पण कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिने त्याच क्षणी ओळखलं.

ओळखायला तिच्याकडे कारण होतं. प्रेमानंद रुसैलच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन. ओमानला आला तेव्हा एकटा होता, आणि ओक्स नावाच्या इंग्रज साहेबाने त्याला हाताखाली घेतलं. या ओक्सने त्याला काम शिकवलं आणि काम संपल्यावर प्यायलाही शिकवलं. प्रमिला महाडहून लेकीला, आकांक्षाला, घेऊन इथे आली तोवर नवरा पुरता वाया गेला होता. मग रडणं झालं, भांडणं झाली, आणि शेवटी एका धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ते राहत त्या सीब गावातल्या सगळ्या बौद्ध मंडळींसमोर हात जोडून त्याने दारू सोडली. त्या दिवशी प्रमिलाने दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, या घरात ओक्सचं नाव निघणार नाही. दुसरी, पुन्हा थेंब जरी घेतलात, तरी मी आकांक्षाला घेऊन महाडला निघून जाईन, वाद नाही, चर्चा नाही. आणि प्रमिला बोलली की करते, हे तिच्या माहेरच्या मांजरालाही ठाऊक होतं. पुढे ओक्स रिटायर होऊन आपल्या गावी, इंग्लंडला गेला, तेव्हा तिने घरी खीर केली होती.

आता खीर विसरा. शुक्रवारी तानाजींच्या घरी नेहमीसारखी बुद्धवंदना होती. तानाजी म्हणजे सीबमधल्या बौद्ध मंडळींचे वडीलधारे, त्यांच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरून सगळे बसायचे. प्रेमानंदचा आवाज खणखणीत, पंचशील तोच पुढे म्हणायचा. त्या दिवशी मात्र तो म्हणाला, घसा बसलाय, आणि मागे जाऊन बसला. प्रमिलाने डोळे मिटले आणि कान उघडे ठेवले. पहिली चार शीलं त्याने व्यवस्थित म्हटली. घसा कुठला बसायला! पाचवं आलं, सुरामेरयमज्ज, दारूपासून दूर राहण्याचं, आणि नवऱ्याचा आवाज गायब. तिने डोळे किलकिले करून पाहिलं. ओठ मिटलेले होते.

बायकोशी खोटं बोलणारा हा माणूस बाबासाहेबांच्या फोटोसमोर खोटं बोलणार नाही, हे प्रमिलाला पक्कं माहीत होतं. जे पाळत नाही ते म्हणायचं नाही, एवढी लाज मेल्याला अजून शिल्लक होती. म्हणजे पितोय. घरी येऊन तिने कपाटावरची मोठी बॅग खाली काढली.

"आई, आपण कुठे जातोय का? माझी प्रीलिम आहे ना," आकांक्षा म्हणाली.

"कुठे नाही. धूळ काढतेय."

धूळ काढून झाली तरी बॅग वर गेली नाही. ती पलंगाच्या कडेला उभीच राहिली, आणि प्रेमानंदने ती पाहूनही काही विचारलं नाही. न विचारणारा नवरा म्हणजे आणखी संशय.

पुढच्या शनिवारी दुपारी "ऑफिसचं काम आहे" म्हणून तो बाहेर पडला. प्रमिला शेजारच्या श्यामलाबाईंबरोबर सीबच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, सुरमई घ्यायला गेली. या श्यामलाबाईही वंदनेला येणाऱ्या, मनाच्या चांगल्या, पण दुसऱ्याच्या घरातलं भांडं पडलं तरी यांना आधी ऐकू येणार. त्यांनीच कोपराने ढोसलं.

"अगं, ते बघ तुझे मिस्टर. झाडू घेतायत."

खरंच. ऑफिसच्या कामाला गेलेला प्रेमानंद एका दुकानासमोर उभा राहून खजुराच्या पानांचा नवा कोरा झाडू हातात घेऊन पारखत होता. घरात कधी केराची सुपली न उचललेला माणूस!

"नवीन झाडू म्हणजे नवीन घर गं," श्यामलाबाई हसत म्हणाल्या. "दुसरं बिऱ्हाड थाटलं की काय?"

त्यांनी गंमत केली. प्रमिलाला ती सुईसारखी टोचली. प्रेमानंद झाडू घेऊन आपल्या पांढऱ्या गाडीत बसला, तशी सुरमई श्यामलाबाईंच्या हातात कोंबून ती टॅक्सीत बसली आणि नबील नावाच्या म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याला म्हणाली, "त्या पांढऱ्या गाडीच्या मागे चला." नबीलने आरशातून तिचं तोंड पाहिलं, यल्ला, म्हणजे चला, म्हणाला, आणि एक प्रश्न न विचारता गाडी काढली.

समुद्राजवळच्या गल्लीत एका बैठ्या घरासमोर पांढरी गाडी थांबली. प्रमिला कोपऱ्यावर उतरली. प्रेमानंदने आतून स्टूल आणलं, त्यावर चढला आणि तो झाडू दाराच्या वर सुतळीने बांधला. उलटा. पानं आभाळाकडे. मग खाली उतरून, मान वाकडी करून, आपलंच काम कौतुकाने बघत राहिला. प्रमिला अंधश्रद्धा मानणारी नव्हे, पण उभ्या झाडूने घरात कलह येतो हे लहानपणी ऐकलेलं, आणि इथे तर तो दारावरच चढवलेला.

तेवढ्यात आतून कोणीतरी हसलं. बाईमाणूस नव्हतं. खरखरीत, खोकल्यासारखं हसू, आणि ते तिने बरोबर ओळखलं. ओक्स. परत आला होता मेला. यापेक्षा सवत परवडली असती.

दार नुसतं लोटलेलं होतं. ते ढकलून ती आत गेली तर नवऱ्याच्या हातात बिअरचा ग्लास, काठोकाठ.

"खलास," प्रमिला म्हणाली. "आता एक शब्द बोलू नका."

ग्लास मात्र प्रेमानंदच्या तोंडाकडे गेला नाही. खुर्चीत ओक्स बसला होता, पण प्रमिलाच्या आठवणीतला लालबुंद, आडदांड ओक्स हा नव्हे. मान हलत होती, मांडीवरचे दोन्ही हात आपोआप थरथरत होते. प्रेमानंदने एका हाताने त्याची हनुवटी धरली आणि दुसऱ्या हाताने ग्लास त्याच्या ओठांना लावला. एक घोट आत गेला, तेवढाच बाहेर, प्रेमानंदच्या उजव्या बाहीवर.

टेबलावर मोठमोठे कागद पसरले होते, आणि त्यांवर प्रेमानंदच्या हातचे नकाशे. ते काय होतं, हे त्याने ओक्सचं तोंड पुसता पुसता सांगितलं. साहेब रिटायर होऊन आपल्या गावी गेले, तर गावात एकही पब उरला नव्हता. एकात दातांचा दवाखाना, एकात कुणाचं तरी घर, एक पाडून गाड्या लावायची जागा. ओळखीचं माणूस भेटायचं ठिकाणच नाही. हात थरथरायला लागले तेव्हा इथे शाळेत शिकवणाऱ्या त्यांच्या मुलीने परत आणलं. आता साहेब आठवेल तसं सांगतात, बार कुठे होता, शेकोटी कुठे, कोण कुठल्या बाकावर बसायचं, आणि प्रेमानंद काढतो.

"आणि तो झाडू?"

"त्याच्याही आधीची गोष्ट. तेव्हा पब नव्हते. एखादी विधवा बाई स्वयंपाकघरात बिअर करायची, आणि तयार झाली की दारावर उलटा झाडू बांधायची. ते बघून गाव जमायचं. साहेबांना एकदा तसं दार बघायचं होतं. इथे कोणाला कळणार? कामवाली विसरली म्हणतील."

प्रमिलाचा राग अजून उतरला नव्हता. "त्यांना सांगा," ती म्हणाली, "आमच्या गावचा गुत्ता माझ्या आईने आणि बायकांनी मडकी फोडून बंद पाडला. त्याचा पण नकाशा काढा म्हणावं."

प्रेमानंदने सांगितलं. ओक्सने अडखळत इंग्रजीत विचारलं, "मग त्यानंतर पुरुष कुठे बसायचे?"

"घरी," प्रमिला म्हणाली. "पहिल्यांदाच."

ओक्स खोकून खोकून हसला. प्रमिला हसली नाही. ती नवऱ्याकडे वळली. "पीत नव्हतात, तर पाचवं शील का गिळलंत?"

"रोज नाही, पण आठवड्याला माझ्या हाताने पाजतो. त्यांना नाही म्हणवत नाही, आणि ती ओळ म्हणायला तोंड होत नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर विश्वास ठेवला असतास?" प्रेमानंदचा आवाज चढला नाही. "इतकी वर्षं झाली. मी घरी आलो की तू आधी वास घेतेस, मग पाणी देतेस. मग ती बॅग पाहिली. म्हटलं, हिने ठरवलंय, आता काय सांगायचं."

प्रमिलाला फार वाईट वाटलं, आणि ते कुठे ठेवावं हे कळेना, म्हणून ती टेबलावरचे कागद उगाचच सरळ करत राहिली.

बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवला. प्रेमानंदची गाडी आड येत होती. ग्लास टेबलावर ठेवून प्रेमानंद ती काढायला गेला. ओक्सने ग्लासकडे पाहिलं, मग प्रमिलाकडे, आणि लगेच खिडकीकडे बघायला लागला. या बाईकडे मागायचं नाही, एवढं त्याला कळत होतं. हात मात्र मांडीवर थरथरतच होते.

प्रमिलाने ओढणी नाकाला लावली, ग्लास उचलला आणि त्याची हनुवटी धरली.

पुढच्या शुक्रवारी बॅग कपाटावर होती. तानाजींकडे सतरंजीवर सगळे बसले. पहिली चार शीलं झाली आणि पाचवं आलं. मागून प्रेमानंदचा आवाज थांबला. प्रमिलाने तोंड उघडलं, तिला आपल्या हाताने पाजलेला तो ग्लास आठवला, आणि तिने ते मिटून घेतलं. शेजारी श्यामलाबाई डोळे मिटून म्हणत होत्या. त्यांनी एक डोळा उघडला, प्रमिलाच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं, हळूच तिच्या बाजूला झुकल्या आणि वास घेतला.