पेजेला तोंडी लावायला मी

मी एक जुनं स्वयंपाकाचं पुस्तक आहे, मित्रांनो. माझ्या अंगाला वास येतो, पाठ खिळखिळी झाली आहे आणि अनुक्रमणिकेचं अर्धं पान उंदरानं खाल्लं आहे. तेव्हा नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. मग मात्र नीट बसा, कारण मला बोलताना मध्येच थांबवलेलं खपत नाही.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. तिथं पानं दुमडणाऱ्या बाया काम करता करता मला वाचत असत. "अगंबाई, एका केकला सहा अंडी? मग घरात कोंबड्याच पाळाव्या लागतील!" असं म्हणून त्या खिदळत. माझं पहिलं कौतुक झालं ते हे असं. माझ्या शेजारी गणिताचं एक पुस्तक वाळत पडलं होतं. आपल्याला कोणी हौसेनं हातात घेणार नाही, हे त्या बिचाऱ्याला तेव्हाच कळलं असावं.

मला विकत घेतलं ते घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या बायकोनं. त्या माणसाला सगळे घड्याळजीच म्हणत. त्याच्या बायकोनं मला स्वयंपाकघराच्या ओट्यावर जागा दिली. पिठाच्या डब्याला टेकून मी उभा राहायचो आणि ती माझ्याकडे बघत कणीक तिंबायची. केकच्या पानावर लोणी सांडलं, सूपच्या पानावर टोमॅटो उडाला. इतर पुस्तकं डाग पडला की रडकुंडीला येतात. मी मात्र ताठ मानेनं मिरवायचो. पाहुणे बोटं चाटत विचारायचे, "वहिनी, कुठं शिकलात हो?" ती हसून माझ्याकडे बोट दाखवायची. काय सांगू, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

मग ती गेली. घरात सून आली होती, पण तिला माझी गरज नव्हती. तिच्या हाताला अंदाज होता. चिमटीत मीठ घेतलं की ते बरोबरच असायचं. तिचा काही दोष नाही, पण मी मागे पडलो तो पडलोच. पुढे जेवणाच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे असं लक्षात आलं आणि मला त्याच्याखाली सारलं. कितीतरी वर्षं त्या घरातली माणसं माझ्या डोक्यावर जेवली.

घड्याळजी म्हातारे झाले, दुकान बंद झालं, आणि एक दिवस त्यांच्या हृदयानं कुरकुर केली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "मीठ नाही, तेल नाही, तूप नाही, साखर तर नाहीच." सूनबाई पडली शब्दाला पक्की. तिनं पातळ, पांढरी, अळणी पेज सुरू केली. घड्याळजी वाटीकडे असे बघायचे, की मला टेबलाखालूनही त्यांची दया यायची.

एके दुपारी ते चमचा उचलायला वाकले आणि मी त्यांना दिसलो. त्यांनी मला ओढून काढलं, माझ्या जागी पुठ्ठा दुमडून ठेवला आणि फुंकर मारून माझी धूळ उडवली. मला वाटलं, चला, पुन्हा ओट्यावर चाललो. कसलं काय! त्यांनी मला पेजेच्या वाटीशेजारी उघडलं आणि वाचायला लागले. नुसतं वाचायला! मी मनातून चिडलोच. अहो, मी काय गोष्टींचं पुस्तक आहे?

पण मित्रांनो, त्यांच्यासारखं मला आजवर कोणी वाचलं नव्हतं. एक ओळ वाचायची आणि एक चमचा पेज तोंडात घ्यायची. 'कांदा मंद आचेवर परता' असं आलं की ते डोळे मिटायचे, नाकानं लांब श्वास घ्यायचे आणि मगच पेज गिळायचे. शिवाय जन्मभर घड्याळांत गेलेला माणूस तो, माझी वेळसुद्धा काटेकोर पाळायचा. 'दहा मिनिटं उकळू द्या' असं लिहिलेलं असलं की दहा मिनिटं पुढची ओळ नाही. पावाचं पीठ फुगायला दोन तास लागतात, तर मला मिटून दोन तास झोपायचे आणि उठून राहिलेला पाव भाजायचे! एवढं सगळं होईतो वाटी रिकामी व्हायची. माझी पानं इतकी चवीनं वाचता येतात हे मलाही ठाऊक नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

पण सुखाला दृष्ट लागायचीच. सूनबाई टेबल पुसायला आली आणि केकच्या पानावर तिला बोटांचे ताजे तेलकट ठसे दिसले. ती जागीच थबकली. संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं आणि दोघंही घड्याळजींसमोर उभे राहिले.

"बाबा, खरं सांगा. बाहेर जाऊन काय खाता?" मुलानं विचारलं.

"काही नाही रे."

"मग हे तेल कुठलं? इथं मी जिवाचं रान करते आणि तुम्ही चोरून खाता? हे पुस्तकच नको आता तुमच्यापुढे!" सूनबाई म्हणाली. तिला राग आला होता, पण त्याहून जास्त ती घाबरली होती.

ते तेल कुठलं हे मला माहीत होतं! रोज सकाळी घड्याळजी गुडघ्यांना तेल चोळायचे आणि हात न धुता मला उघडायचे. मी ओरडून सांगितलं असतं, पण देवानं पुस्तकाला शब्द हजार दिले आणि जीभ एकही दिली नाही. घड्याळजींनाही आपल्या तेलकट हातांची आठवण झाली नाही. शिवाय म्हातारा माणूस पाककृती वाचून लाळ गिळतो हे सांगायची त्यांना लाज वाटली. "बरं, ठेव काढून," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मी कपाटाच्या माथ्यावर गेलो.

त्या दिवसापासून पेज त्यांच्या घशाखाली उतरेना. दोन चमचे झाले की ते वाटी सारून द्यायचे. मनगटावरचं घड्याळ इतकं सैल झालं, की हात वर केला की ते कोपरापर्यंत घसरायचं. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या आणि दाराशी हळूच म्हणाल्या, "असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. मग नळीनं अन्न द्यावं लागेल. आणि या वयात ते किती सोसतील, मला सांगता येत नाही."

मुलगा त्यांना पोचवायला गेला. सूनबाई मात्र स्टूल घेऊन कपाटापाशी आली. मीठ-तेलाशिवाय चव आणायची काही युक्ती माझ्यात सापडते का, हे तिला बघायचं होतं. तिनं मला उघडलं, तो केकचंच पान उघडलं. पान चेहऱ्याजवळ धरून ती वाचू लागली आणि एकदम थांबली. तिनं पान हुंगलं, पुन्हा हुंगलं. त्या डागाला कापराचा वास येत होता. गुडघ्यांचं ते कापूर घातलेलं तेल रोज सकाळी तीच तर गरम करून द्यायची!

"अगं आई गं, मी काय केलं हे!" ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत तशीच त्यांच्या खोलीत गेली.

"बाबा, चुकलं माझं. तुम्ही काही खाल्लं नव्हतंत. मग हे घेऊन करत काय होतात?"

घड्याळजी लहान मुलासारखे ओशाळले. "पेज गिळत होतो गं. हे वाचल्याशिवाय ती उतरतच नाही."

सूनबाईनं गरम पेज आणली आणि मला मांडीवर घेतलं. वाचायला लागली ती अशी, जणू मागे कुत्रं लागलंय. "कांदा चिरा, परता, पाणी घाला, झालं सूप."

"अगं थांब, थांब! कांदा अजून कच्चा आहे. गुलाबी होऊ दे त्याला."

"आता तो कसा होणार?"

"आपण बसायचं की. होतो आपोआप."

मग दोघं बसली. दिवसभर भिंगरीसारखी फिरणारी ती बाई, पुस्तकातला कांदा गुलाबी होण्याची वाट बघत गप्प बसली. मग तिलाच हसू फुटलं. घड्याळजीही हसले आणि हसता हसता त्यांनी चमचा तोंडात घातला. पेज उतरली! मग दुसरा चमचा, तिसरा चमचा. सूप उकळेपर्यंत वाटीचा तळ दिसला. मला तर वाटलं, आपली पानं आनंदानं सुटून खोलीभर उडणार.

पुढे रोज दुपारी आमची तिघांची बैठक जमू लागली. घड्याळजींच्या गालावर थोडं मांस आलं. दवाखान्याचं नाव निघेनासं झालं.

अशाच एका दुपारी वाटी रिकामी झाली तेव्हा त्यांनी विचारलं, "तू जेवलीस का गं?"

"जेवेन की. सगळ्यांचं झालं की ओट्यापाशी उभ्या उभ्याच दोन घास खाते. सवय आहे मला."

घड्याळजींनी मला तिच्या मांडीवरून उचललं. "ताट वाढून आण आणि इथं बस. आज मी वाचतो, तू जेव."

"अहो बाबा, भांडी पडलीत..."

"भांडी कुठं पळून जात नाहीत. आण."

ती ताट घेऊन आली आणि खुर्चीच्या कडेवर अवघडून टेकली. घड्याळजींनी चष्मा नाकावर चढवला. "बोल, काय वाचू? तुला काय आवडतं?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. घरातल्या प्रत्येकाची आवड तिला तोंडपाठ होती. कोणाला करपलेलं आवडतं, कोणाला मऊ लागतं, कोण कशातला कांदा वेचून टाकतं, सगळं. "बाबा, मला आठवतच नाही हो," ती हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं.

"असू दे. मला घाई नाही," घड्याळजी म्हणाले आणि पहिल्या पानापासून एकेक पाककृती तिला दाखवू लागले. माझी जवळजवळ सगळी पानं उलटून झाली, तेव्हा कुठं तिनं एका पानावर बोट ठेवलं.

मित्रांनो, मला कोरं करकरीत कव्हर घाला असं मी म्हणणार नाही. वाळवीपासून सांभाळा आणि कधीमधी उघडा, तेवढं पुरे. पण तुमच्या घरातही कोणीतरी सगळ्यांना वाढून शेवटी जेवत असेल. त्या माणसाच्या ताटासमोर एकदा माझ्यासारखं पुस्तक घेऊन बसा आणि विचारा, "काय वाचू?" उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ थांबा.